बसून वाजवलेली वरात

"खुर्च्या मिळणार का?" मी विचारलं.

नगरपालिकेच्या बाग खात्याचे इनामदार साहेब आमच्या दारात उभे होते. आत या म्हटलं तरी उंबऱ्याच्या बाहेरच. म्हणाले, "मिळतील की. बारा माणसं म्हणालात ना? बारा खुर्च्या ठेवतो."

"पत्र्याच्या का लाकडी?"

"लाकडी. शाळेतनं मागवतो."

"मग येतो आम्ही," मी म्हटलं.

माझा लेक उत्तम मागं उभा होता. साहेबांची सायकल कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यानं दम धरला आणि मग म्हणाला, "आक्का, सुपारीचं काय ते विचारलंच नाहीस."

"फुकट आहे. उन्हाळ्यात बागेत दर रविवारी सगळं फुकटच असतं. ऐकणाऱ्याला आणि वाजवणाऱ्यालाही."

"मग आपण कशाला जायचं?"

"खुर्च्या आहेत म्हणून."

त्याला ते कळलं नाही. तो बँडात आला तेव्हा त्याच्या पायात चपला होत्या. माझ्या मालकांनी चौरंगीनाथ ब्रास बँड काढला तेव्हा माणसं अनवाणी वाजवत होती. लग्नाचा बँड म्हणजे काय, तर घोड्याच्या पुढं, धुरळ्याच्या मागं. जेवायला सगळ्यात शेवटी, तेही जनरेटरच्या गाडीआड उकिडवं बसून. इतक्या वर्षांत आम्हाला कुणी बसा म्हणालं नव्हतं.

आणि गाव ते मिरज. तिथं रस्त्यावरचा पानवालासुद्धा कुठला गवई सुरात आहे आणि कुठला नाही ते सांगायचा. तळ्याकाठच्या बागेत मधोमध आठ कोनांचा दगडी चौथरा, वर लोखंडी खांब आणि पत्र्याची टोपी. त्याला सगळे बँडस्टँड म्हणत. एप्रिल-मेच्या दर रविवारी संध्याकाळी तिथं कुणाची पेटी, कुणाचं भजन, कुणाची सतार, आणि शेवटच्या रविवारी पोलिसांचा बँड. त्या साली पोलीस बंदोबस्ताला गेले. जागा रिकामी राहिली, त्या दिवशी लग्नाची तिथी नव्हती, म्हणून साहेब आमच्या दारात आले. आम्ही त्यांच्या यादीत कितवे होतो ते मी विचारलं नाही. पहिले नव्हतो एवढं त्यांच्या सायकलच्या घाईवरनं कळलं.

मला स्वतःला काही वाजवता येत नाही. मालक गेले तेव्हा लोक म्हणाले, बाई काय बँड चालवणार. मी म्हटलं, वाजवायला बारा माणसं आहेत, मला नुसतं त्यांना चालवायचंय. अकरा वर्षं मी बँडच्या मागनं चालत होते. माणसं मोजायची, कोण पिऊन आलाय ते हुंगायचं, नवरदेवाच्या मामाशी भांडायचं. हे काम मला चांगलं जमायचं.

दुसऱ्या दिवशी अंगणात तालीम लावली. शेजारच्या घरांतून स्टुलं, पाट, एक उखळ असं काय मिळेल ते आणून माणसं बसवली. उत्तमनं ट्रम्पेट तोंडाला लावलं आणि नवरदेव निघायची चाल सुरू झाली. मोठा ढोल वाजवणारा पिराजी बसल्या जागी पाय उचलत होता, पण वाजत होतं झकास. मी भिंतीला टेकून ऐकत होते. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा तेच पहिल्यापासून.

"आता थांबवा की," मी म्हटलं.

उत्तमनं हात वर केला. त्यासरशी जो तो आपापल्या जागी थांबला. एक अर्ध्या ओळीत, एक त्याच्या पुढं दोन पावलं, आणि पिराजी सगळ्यांच्या नंतर चार ठोके देऊन. फळीवरची भांडी एकेक करून खाली यावीत तसा आवाज.

"हे काय?" मी म्हटलं.

उत्तमनं डोकं खाजवलं. "आक्का, शेवट कुणाला येतो?"

"म्हणजे?"

"वरातीत गाणं संपतं कुठं? शिटी मारली की दुसरं चालू. शिटीवर शिटी, मांडव येईपर्यंत. एवढ्या वर्षांत आपण एकही गाणं संपवलेलं नाही."

मी सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. पिराजी माझ्याएवढा म्हातारा. तो म्हणाला, "खरं आहे आक्का. सुरुवात सगळ्यांची पाठ आहे."

तेवढ्यात मागच्या खोलीतून खोकला आला. तो खोकला मी ओळखत होते. त्या माणसाला दमा नव्हता.

ते माझे धाकटे दीर, श्रीपती. सगळे त्यांना नाना म्हणत. बँडातलं क्लॅरिनेट त्यांचं. तरुणपणी ते संस्थानच्या बँडात शिकलेले. तिथं खुर्चीवर बसून, समोर कागद ठेवून वाजवायचे. चौदा महिन्यांपूर्वी मी त्यांना बँडातून काढलं होतं. गुडघे गेले होते त्यांचे. मी सांगितलं, "ज्याला चालता येत नाही त्यानं वाजवायचं नाही." त्यांनी फक्त विचारलं, "का?" मी म्हटलं, "सांगितलं की." तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नव्हते. एकाच घरात, एकाच चुलीवरचं खाऊन. काही सांगायचं असलं की माझ्या सुनेच्या तोंडून. "शालन, तुझ्या सासूला सांग, नळाला पाणी आलंय." मी तिथंच हंडा घेऊन उभी असायची. मग मीही म्हणायची, "शालन, नानांना सांग, मला कान आहेत." शालन बिचारी मान इकडून तिकडं करायची.

लोक म्हणत होते, लेकाला बँडमास्तर करायला म्हातारीनं दिराला बाजूला सारलं. मी ते खोडून काढलं नाही. वाटू दे ज्याला जे वाटायचं ते.

उत्तम हळूच म्हणाला, "आक्का, नानांना विचारूया. त्यांना सगळ्या गाण्यांचे शेवट येतात."

"नाही."

"मग सहा दिवसांत..."

"जो माणूस चौदा महिने माझ्याशी बोलला नाही, त्याच्या दारात मी शेवट मागायला जाऊ? त्यापेक्षा तुम्ही संध्याकाळभर एकच गाणं वाजवा."

मागून परत खोकला आला. जरा खुशीतला वाटला.

रात्रभर विचार करून मी तोड काढली. आमच्या बँडची मालकांनी घालून दिलेली एक रीत होती. मांडवाच्या दारात ओवाळणीचं ताट दिसलं की बाजा बंद. एकदम, सगळ्यांचा, जिथं असेल तिथं. ही गोष्ट त्या बारा जणांच्या हाडात मुरलेली होती. सकाळी चाल सुरू करायला लावली आणि शालनला ताट घेऊन पुढं यायला सांगितलं. निरांजनाची ज्योत दिसताक्षणी सगळं गप्प. पिराजीची काठी हवेत तशीच राहिली.

"जमलं," मी म्हटलं.

शालन ताट धरून उभी होती. "आत्याबाई, गाणी किती आहेत?"

"सात."

"म्हणजे मी सात वेळा ओवाळायचं? कुणाला?"

"नवऱ्याला. दुसऱ्या कुणाला ओवाळणार आहेस?"

"सात वेळा त्यांना लग्नातसुद्धा कुणी ओवाळलं नाही," ती म्हणाली. पण जरीची साडी काढून ठेवली.

रविवारी सहाच्या सुमाराला आम्ही बागेत गेलो. लाल डगले इस्त्री केलेले, खांद्यावरचे झुबके झटकलेले. चौथऱ्यावर खरंच बारा लाकडी खुर्च्या होत्या, अर्धगोल मांडलेल्या. खाली हिरवळीवर माणसं चटया, सतरंज्या टाकून बसलेली. दोनशे तरी असतील. मांडी घालून, हात गुडघ्यावर ठेवून, वर बघत. आमच्या पुढं असली माणसं कधी नव्हती. आमच्या पुढं नाचणारी असतात, त्यांची पाठ आपल्याकडं असते. हे सगळे चेहरे बघून मी पदर सावरला.

इनामदार साहेबांनी चार शब्द सांगितले आणि पहिलं गाणं सुरू झालं. दोन फेरे झाल्यावर मी शालनला ढोसलं. ती तीन पायऱ्या चढून वर गेली, ज्योत दिसली, बाजा बंद. तिनं उत्तमला ओवाळलं. लोकांना वाटलं, उद्घाटन आहे. टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या.

दुसऱ्या गाण्याला परत ताट वर गेलं तेव्हा टाळ्या कमी आणि कुजबूज जास्त. साहेब माझ्याजवळ आले. "आक्का, हे असं दर गाण्याला आहे का?"

"आमची रीत आहे," मी म्हटलं.

"अस्सं," ते म्हणाले आणि चष्मा पुसत राहिले.

तिसरं गाणं हळदीचं. शालन निघाली आणि तळ्यावरून वारा आला. पहिल्या पायरीवर निरांजन गेलं. तिनं तसंच ताट पुढं धरलं. पण ज्योत नाही म्हटल्यावर बँड थांबेना. बारा माणसं तिच्याकडं बघत होती आणि वाजवत होती. ती खाली आली, काडी ओढली, वाऱ्यानं विझवली. दुसरी ओढली. हिरवळीवर हसू फुटलं. आधी पोरांचं, मग मोठ्यांचं. शालननं ताट माझ्या पायाशी ठेवलं.

"आता मी चढत नाही, आत्याबाई. मला मारलं तरी नाही."

मी स्वतः ताट घेऊन गेले असते. पण मी विधवा बाई, ते दिवस तसे होते. वर बाजा चालूच. चौथा फेरा, पाचवा फेरा. उत्तमचे गाल सुजल्यासारखे झाले होते आणि डोळे माझ्यावर. शिटी मारली असती तर पुढचं गाणं सुरू झालं असतं, आणि ते कसं थांबलं असतं? पिराजी घामानं निथळत होता.

तेव्हा मला नाना दिसले. माणसांच्या कडेला, बकुळीच्या झाडाला टेकून, पाय लांब सोडून बसलेले. घरातून निघताना शालनमार्फत सांगितलं होतं की त्यांना बागेत यायची इच्छा नाही. मांडीवर कापडी पिशवी होती.

मी लोकांच्या सतरंज्या तुडवत तिथं गेले. "तुम्ही इथं कसे?"

नानांनी शेजारी बसलेल्या माणसाकडं तोंड वळवलं. गोल टोपी घातलेले एक म्हातारे होते. मागनं कळलं, सतारी बनवणाऱ्या गल्लीतले नूरुद्दीनभाई. नाना त्यांना म्हणाले, "यांना सांगा, भाजी आणायला आलो होतो."

नूरुद्दीनभाईंनी माझ्याकडं बघितलं. "ते म्हणतात, भाजी..."

"ऐकलं मी. त्यांना सांगा, भाजीच्या पिशवीतनं क्लॅरिनेटचं तोंड बाहेर आलंय."

नूरुद्दीनभाईंनी पिशवीकडं बघितलं. "आलंय खरं," ते म्हणाले.

वर सहावा फेरा सुरू झाला.

"त्यांना सांगा," मी म्हटलं, "वर चला. गाणं संपवून द्या."

"यांना सांगा, ज्याला चालता येत नाही त्यानं वाजवायचं नाही. हे यांचंच म्हणणं आहे."

"इथं चालायचं नाही, बसायचंय. म्हणून तर खुर्च्या..." मी थांबले.

नानांनी पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघितलं, पण बोलले नूरुद्दीनभाईंशीच. "विचारा यांना, मला का काढलं. गुडघ्याचं सांगू नका म्हणावं. गुडघे सहा वर्षं दुखत होते."

नूरुद्दीनभाईंना आता त्यात रस आला होता. "का काढलंत हो बाई?"

मी चौथऱ्याकडं बघितलं. उत्तमचा सूर फाटायला लागला होता. दोनशे माणसं हसत होती आणि माझ्यापाशी वेळ नव्हता. नाहीतर मी ते मरेपर्यंत सांगितलं नसतं.

"फाल्गुनातली ती वरात," मी म्हटलं. "तुमचे पाय गेले आणि तुम्ही रस्त्यातच बसलात. खाली बसून वाजवत राहिलात, डोळे मिटून. वरातीतल्या पोरांनी तुमच्या डोक्याला मुंडावळ्या बांधल्या. तुमच्यासारखं बसून, तोंड वाकडं करून नाचले तुमच्याभोवती. तुम्हाला वाटलं, गाणं आवडलं. तुम्ही आणखी रंगून वाजवलंत. ते मला बघवलं नाही. तुम्हाला कळू नये म्हणून दुसऱ्या दिवशी पायांचं निमित्त सांगितलं."

नूरुद्दीनभाई एका बाजूला सरकले. आता त्यांची गरज नव्हती.

नानांनी पिशवी मांडीवर नीट ठेवली. मग म्हणाले, "वहिनी, मी डोळे मिटले होते. कान उघडे होते."

"म्हणजे?"

"मला कळत होतं सगळं. वरातीतली पोरं हसणारच. चाळीस वर्षं हसतायत. मी उठून गेलो असतो तर नवरदेव तिथंच अडकला असता. वाजवायचं काम होतं, वाजवलं."

"मग इतके दिवस तोंड कशाला फिरवलंत?"

"त्या गर्दीत मी एकदाच डोळे उघडले. पोरं हसत होती, त्याचं काही नाही. तुम्ही मान खाली घातली होती. मला वाटलं, वहिनींना माझी लाज वाटली."



"वाटली," मी म्हटलं. "खोटं कशाला बोलू. तेवढ्यापुरती वाटली. नंतर, ती वाटली याचीच जास्त वाटली. म्हणून तर सांगितलं नाही."

नाना पिशवीतून क्लॅरिनेट काढायला लागले. दोन तुकडे जोडले, पत्ती ओठानं ओली केली. "हात द्या," ते म्हणाले.

मी हात दिला. नूरुद्दीनभाईंनी दुसरा दिला. त्या सगळ्या माणसांच्या मधून आम्ही तिघं निघालो. नाना एकेक पाय ओढत, मी त्यांच्या काखेत खांदा देऊन. कुणी हसत होतं की नाही मी बघितलं नाही. मान मात्र वर होती, एवढं सांगते. तीन पायऱ्या चढायला एक अख्खा फेरा गेला. पिराजीनं वाजवता वाजवता पायानं आपली खुर्ची पुढं ढकलली आणि स्वतः उभा राहिला.

नाना बसले. फेरा पुरा होऊ दिला. मग क्लॅरिनेट तोंडाला लावून वरचा एक सूर धरला आणि तो सोडलाच नाही. बाकीचे खाली वाजवत होते, हा सूर वर तसाच. त्यांनी डोळ्यांनी उत्तमला खूण केली, उत्तम थांबला. मग एकेकाकडं बघत गेले, तो तो गप्प होत गेला. शेवटी नुसता तो सूर राहिला, बारीक होत होत, आणि त्यांनी पिराजीकडं मान हलवली. पिराजीनं एकच ठोका दिला. हलका. पिराजीचा हात इतका हलका पडू शकतो हे मला माहीत नव्हतं.

आणि पुढं काही नाही. ना फटाके, ना शिटी, ना दुसरं गाणं. बकुळीवरची चिमणीसुद्धा ऐकू येत होती. मग टाळ्या आल्या, पण त्याच्या आधीची ती घटकाभराची शांतता माझ्या बँडनं केलेली होती.

उरलेली चार गाणी नानांनी तशीच संपवून दिली. मधेमधे बसल्या जागेवरून पोरांना सांगत होते, "आता दोनदाच घ्या, मग माझ्याकडं बघा." साहेबांनी शेवटी आणखी एक म्हणून हात जोडले, तेही झालं.

ही गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. त्यानंतर नाना असेपर्यंत, नऊ उन्हाळे, शेवटचा रविवार आमचा होता. पोलीस परत आले तरी त्यांना आधीचा रविवार दिला. वरातीला नाना परत कधी आले नाहीत. मी चला म्हटलं तर म्हणाले, "नको. तिकडं संपवायला देत नाहीत."

पण मला आठवतो तो पहिलाच रविवार. चौथं गाणं चालू झालं तेव्हा मी सवयीनं चौथऱ्यामागं जाऊन उभी राहिले, माणसं मोजायला. बारा होती, तेरा झाली होती. नूरुद्दीनभाईंनी हात केला. "बाई, मागनं काय ऐकता? इकडं बसा."

मी त्यांच्या सतरंजीच्या कोपऱ्यावर बसले. अकरा वर्षांत मी माझा बँड समोरून ऐकला नव्हता. पुढच्या ओळीतली एक चष्मेवाली बाई, मास्तरीण असावी, मागं वळली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ते मधले आजोबा फार छान वाजवतात हो. पायाला काही झालंय का त्यांच्या?"

"माझे दीर आहेत," मी म्हटलं, चार माणसांना ऐकू जाईल असं. "पायानं अधू आहेत, म्हणून बसून वाजवतात. तुम्ही पुढं बघा, आता तो शेवट येईल."